एकवीस तासांत विसावा कसा व्हायचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वर्षातून दोनदा, पहिला पाऊस पडला की आणि दिवाळीचा फराळ संपला की, पुरवण्यांमधून ‘ठाण्या-मुंबईजवळची दहा ठिकाणं’ छापून येतात. नावं तीच असतात, फोटो तेवढे बदलतात. कुठे जायचं ते या यादीत असतं. घरून किती वाजता निघायचं, खोली किती वाजता ताब्यात मिळते, नळाला पाणी कुठून येतं, हे मात्र कुठेच नसतं. दोन दिवसांची सुट्टी बिघडते ती याच गोष्टींवरून. हल्ली वीकेंडला ‘विकांत’ म्हणतात. विश्रांतीशी त्याचं नातं यमकापुरतंच उरलंय.

आधी साधा हिशेब करू. कर्जत, शहापूर, मुरबाड भागातल्या बहुतेक फार्महाउसांचा भाव ‘दोन दिवस, एक रात्र’ असा असतो. खोली दुपारी एकच्या सुमाराला मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सोडावी लागते. म्हणजे दोन दिवसांच्या नावाखाली हातात येतात एकवीस तास. त्यातले आठ झोपेत जातात. जेवणं, अंघोळी, सामान उघडणं आणि पुन्हा भरणं यात चार. उरले नऊ. शनिवारी सकाळी आठ-नऊला ठाणं सोडलं तर जाताना तीन तास आणि रविवारी संध्याकाळी परतताना चार तास सहज मोडतात. नऊ तास निवांत बसण्यासाठी सात तास गाडीत बसायचं, हा व्यवहार कोणत्याही दुकानदाराने तोट्याचा ठरवला असता.

म्हणून पहिली गोष्ट, दोन रात्री आणि एकच गाव. शनिवार-रविवारला शुक्रवार किंवा सोमवारची एक रजा जोडली की तोच मुक्काम पंचेचाळीस तासांचा होतो आणि प्रवास तेवढाच राहतो. रजा शक्य नसेल तर उलटं करावं: मुक्कामच करू नये. सकाळी सहाला निघून दुपारच्या जेवणानंतर तीनला परत, अशी दिवसाची फेरी एका रात्रीच्या मुक्कामापेक्षा अंगाला सुखाची ठरते आणि पैसेही वाचतात. मधला मार्ग, म्हणजे एका रात्रीत लोणावळा, पवना आणि कार्ले ‘करून येणं’, हा आराम नव्हे; ती हजेरी झाली.

घराबाहेर कधी पडायचं यावर निम्मं यश ठरतं. शुक्रवारी ‘ऑफिस सुटलं की थेट’ निघणं सगळ्यात वाईट. तीन हात नाका, माजिवडा, साकेत पूल, खारेगाव, पुढे माणकोली आणि रांजणोली ही माळ संध्याकाळी सहा ते दहा भरलेलीच असते. मग लोक म्हणतात, दहानंतर निघू. पण शहरात गर्दीच्या वेळी अडवलेली अवजड वाहनं रात्री सोडतात आणि भिवंडीची गोदामं व उरणचं बंदर यांच्यामधली सगळी कंटेनर-मिरवणूक त्याच वेळी मुंब्रा बायपास, शीळफाटा आणि कळंबोलीला असते. त्यापेक्षा शुक्रवारी रात्री लवकर झोपून शनिवारी पहाटे साडेपाचला गाडी काढावी. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत गॅस शुक्रवारी रात्रीच भरून ठेवा, कारण शनिवारी सकाळच्या पंपावरच्या रांगेत पहाटे उठण्याचा सगळा फायदा संपतो. फास्टॅगमधली शिल्लकही घरीच बघून घ्या.

परतीचं गणित याहून कडक आहे. रविवारी संध्याकाळी पाच ते रात्री दहा या वेळात नाशिक महामार्ग पडघ्यापासून, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर टोल नाक्यापासून आणि कर्जत-बदलापूरकडचा रस्ता काटई नाक्यापासून तुंबतो. ‘सूर्यास्त बघून निघू’ म्हणणारे तिथेच अडकतात. एक तर जेवून दुपारी दोनच्या आत गाडी सुरू करावी, नाहीतर सरळ रात्री राहून सोमवारी पहाटे निघावं.

आता रस्ते. नवी मुंबईकरांनी कर्जतला जाताना शीळफाटा-बदलापूरच्या नादी लागू नये. पनवेलवरून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चौकपर्यंत आणि तिथून डावीकडे कर्जत, हा रस्ता सोपा. ठाण्याहून मुरबाडला जाताना खरी अडचण कल्याण-शहाडची आहे. शहाडचा पूल सकाळी सातच्या आत ओलांडला की म्हारळ, वरप, कांबा मागे टाकून रस्ता मोकळा होतो. पौष पौर्णिमेच्या आसपास मात्र मुरबाड-कर्जत रस्ता टाळावा. तेव्हा त्या रस्त्यावरच्या म्हसा गावची जत्रा असते आणि गुरांचा बाजार, घोंगड्या, मिठाईची दुकानं यांच्यामुळे गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. जत्राच बघायची असेल तर गोष्ट वेगळी. ती बघण्यासारखीच आहे. इगतपुरी-भंडारदऱ्याकडे जाणाऱ्यांना समृद्धी महामार्गाचा भिवंडीजवळच्या आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ पासून खुला झाला आहे. त्यातल्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टळतो. दुचाकीला त्यावर प्रवेश नाही, तसाच तो द्रुतगती मार्गावरही नाही. बाइकवरून जाणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.

पण खरं सांगायचं तर ठाण्याच्या माणसाला गाडीची गरज आपण समजतो तितकी नाही. कल्याणला फाटणाऱ्या दोन्ही रेल्वेमार्गांवर गाव अगदी स्टेशनाला लागून आहे. कसारा मार्गावर खडवली, वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी. कर्जत मार्गावर वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड आणि कर्जतपुढे खोपोलीच्या फाट्यावर पळसदरी, केळवली, डोळवली. शनिवारी सकाळी या गाड्या गर्दीच्या उलट दिशेने जातात, बसायला जागा मिळते. इंडिकेटरवर कसाऱ्याला ‘एन’ आणि कर्जतला ‘एस’ असतं, आसनगावला ‘एएन’, खोपोलीला ‘केपी’. नवख्या माणसाकडून हमखास होणारी चूक म्हणजे बदलापूरची गाडी पकडून पुढची वाट बघत बसणं. ठाण्याहूनच शेवटपर्यंत जाणारी गाडी पकडा, मग ती अर्धा तास उशिराची असली तरी चालेल. रविवारी परतताना मेगाब्लॉक बघून ठेवा. तो बहुधा सकाळी अकराच्या सुमाराला सुरू होऊन दुपारी चारच्या आसपास संपतो, आणि संपल्यानंतरचा तासभर गाड्या उशिरानेच असतात. पावसाळ्यात रविवारी संध्याकाळी कसाऱ्याहून सुटणाऱ्या गाड्या गिर्यारोहकांनी ओसंडतात. आसनगावला चढणाऱ्याला उभ्यानेच ठाणं गाठावं लागतं.

पनवेल बाजूच्या लोकांना दिवा-रोहा मेमू आहे. सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे अशी तिची स्थानकं. फेऱ्या मोजक्या, त्यामुळे परतीची वेळ आधी आणि मुक्काम नंतर ठरवावा. हमरापूर-जोहे भागात घराघरांत गणपतीच्या मूर्ती घडतात. मुलांना कुठलाही ‘अ‍ॅडव्हेंचर पार्क’ दाखवण्यापेक्षा माती मळण्यापासून डोळ्यांच्या आखणीपर्यंतचं काम दाखवावं. उरणपर्यंत तर जानेवारी २०२४ पासून नेरुळ-बेलापूरहून लोकल धावते.

स्टेशनपासून पुढे एसटी किंवा शेअर टमटम. एसटीत महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे प्रवास मोफत. आजी-आजोबांसह निघालेल्या कुटुंबाचा खर्च त्यात बराच खाली येतो. ओळखपत्र मात्र अस्सल जवळ ठेवा. टमटमवाल्याचा परतीसाठी फोन नंबर उतरतानाच घ्यायचा, कारण संध्याकाळी सहानंतर आतल्या गावांतून वाहन मिळणं कठीण होतं.

आता मुक्कामाची जागा. इथे लोक पोहण्याचा तलाव आहे का ते विचारतात आणि फोन ठेवतात. विचारायचं ते वेगळंच असतं. वापरायचं पाणी विहिरीचं, बोअरचं की टँकरचं? हा प्रश्न मार्चनंतर सगळ्यात महत्त्वाचा. तानसा आणि भातसा ही धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. धरणाचं पाणी नळाने मुंबईला जातं आणि धरणाच्या उशाशी बाया हंडे घेऊन उभ्या राहतात. अशा ठिकाणी टँकरने भरलेल्या तलावात डुंबायला उन्हाळ्यात जाऊच नये असं माझं मत आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी निदान एवढं लक्षात घ्यावं की शनिवारी टँकर चुकला तर रविवारी सकाळी संडासातही पाणी नसतं.

पुढचा प्रश्न: वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखे चालतात की फक्त दिवे, आणि किती तास? ग्रामीण भागात वारा-पावसात वीज रात्रभर जाऊ शकते. पंखा नाही म्हणजे डास, आणि डास म्हणजे झोप नाही. मग: शेवटचा किती किलोमीटर रस्ता कच्चा आहे? जुलैत लाल मातीच्या चढावर सिडॅनचं चाक जागच्या जागी फिरतं. गुडघेदुखीच्या माणसासाठी कमोड आहे का, खोली तळमजल्याला आहे का? भाव माणशी की खोलीमागे, पाच वर्षांच्या मुलाचे पैसे किती, आणि जेवण ‘अनलिमिटेड’ असेल तर त्यात चिकन धरलंय की फक्त रस्सा? आणि शेवटचा, जो कोणीच विचारत नाही: शेजारच्या प्लॉटवर लग्नं किंवा पार्ट्या होतात का? रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. पण नियमाने झोप लागत नाही, त्यामुळे चौकशी आधीच केलेली बरी. मालक या प्रश्नावर घुटमळला तर समजून जावं.

फसवणूक वाढली आहे. दुसऱ्याच्या बंगल्याचे फोटो लावून ‘आज बुक करा, निम्मी रक्कम आता’ म्हणणारे महाभाग पैसे आले की फोन बंद करतात. उपाय साधे आहेत. व्हिडिओ कॉलवर फाटकापासून खोलीपर्यंत फिरवून दाखवायला सांगा. नकाशावर जागेचे जुने, वेगवेगळ्या लोकांनी टाकलेले फोटो आहेत का बघा. पैसे ज्या नावावर जातात ते नाव आणि मालकाचं नाव एक आहे का, हे पैसे पाठवण्याच्या पडद्यावर दिसतं. वेगळं असेल तर थांबा. फसलातच तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते, दोन दिवसांनी ती फारशी उरत नाही. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, त्याखाली शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. प्रमाणपत्राची छायाप्रत मागायला संकोच नको. नोंदणी असली म्हणजे जेवण चांगलंच असेल असं नाही, पण तिथे शेत खरोखर असतं आणि शेतकरीही. नुसत्या भाड्याच्या बंगल्यात हिरवळ, हॅमॉक आणि कार्पेट गवत असतं. भाताचा वास येत नाही.

नदीकाठच्या जागांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण जाहिरातीत ‘रिव्हर टच’ हा शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर या पट्ट्यातली नदी म्हणजे उल्हास. २७ जुलै २०१९ ला याच उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं. रेल्वेचा भराव जिथे बुडतो तिथे अंगणात नदी असलेल्या बंगल्याचं काय होईल? जून ते सप्टेंबर जागा घ्यायची तर पात्रापासून दूर आणि उंचावर. गेल्या मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं हे मालकाला नको, गावातल्या दुकानदाराला विचारा. तो हाताने भिंतीवरची खूणच दाखवील.

धबधब्यांचंही तसंच. ठाणे आणि रायगडचे जिल्हाधिकारी पावसाळ्यात अनेक धबधबे, धरणं आणि नद्यांच्या परिसरात मनाई आदेश काढतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. निघण्याआधी तो आदेश बघा. नाहीतर दोन तास गाडी चालवून पोलिसांच्या अडथळ्यापाशी वडापाव खाऊन परत यावं लागतं. आदेश उगाच निघत नाहीत. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले. पाऊस वर डोंगरात पडत असतो, खाली ऊनही असू शकतं आणि पाणी मिनिटांत चढतं. पाणी चढण्याआधी ते सांगतं. स्वच्छ पाणी एकदम गढूळ होतं, पानं-काटक्या वाहून यायला लागतात, आवाज जड होतो. यातलं एक जरी झालं तरी चपला-फोन तिथेच सोडून काठाला, आणि तेही ज्या काठावरून परतीची वाट आहे त्याच काठाला यायचं. पलीकडे गेलेला माणूस अडकतो, मग त्याला आणायला गेलेला बुडतो.

हवामान खात्याचे रंग बघायची सवय लावून घ्यावी. शुक्रवारी दुपारी आपल्या नव्हे, जिथे जायचं त्या जिल्ह्याचा इशारा बघायचा. पिवळा म्हणजे चोवीस तासांत साधारण ६४.५ मिलिमीटरच्या पुढचा मुसळधार पाऊस. तेव्हा जावं, पाण्यात उतरू नये. नारिंगी म्हणजे ११५.६ च्या पुढचा. तेव्हा माळशेज, कसारा असे घाट टाळावेत, दरडी याच पावसात येतात. लाल म्हणजे २०४.५ च्या पुढचा. तेव्हा घरी कांदाभजी. मे-जून आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर विजांचा धोका असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपास वीज पडण्याची शक्यता दाखवतं. ते फोनमध्ये असू द्यावं, आणि आकाश गडगडायला लागलं की शेतातल्या एकट्या झाडाखालून निघावं.

ऋतूप्रमाणे जागा निवडली तर फारसं काही ‘बघायला’ जावं लागत नाही. मेच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर, भंडारदरा-रतनवाडी, राजमाची, प्रबळमाची इथे काजवे असतात. काजव्यांचं चमकणं हा नर-मादीचा एकमेकांशी बोलण्याचा मार्ग आहे. गाडीचे दिवे आणि मोबाइलचे झोत पडले की ते बोलणं तुटतं आणि वीण घटते. विजेरी न लावता जाता येत नसेल तर काजवे बघायला जाऊ नये. जूनमध्ये आठवडी बाजारात शेवळं येतात, त्यांच्यासोबत काकडं ही आंबट रानफळंही घ्यावीत, नाहीतर घसा खाजतो. पुढे टाकळा, कुरडू, भारंगी, कर्टुली. रानभाजी विकणाऱ्या ठाकर-कातकरी बाईला ती कशी करायची हे विचारलं की ती सांगते, आणि ती सांगते ती कृती कोणत्याही पुस्तकापेक्षा खात्रीची. भाव करू नये. सप्टेंबरात सोनकी, तेरडा ही रानफुलं. ऑक्टोबर सोडून द्यावा. भात कापणीला आलेला असतो, गावाला वेळ नसतो आणि ऊनही चटके देतं. सगळ्यात उत्तम काळ म्हणजे डिसेंबर ते मध्य फेब्रुवारी. हवा कोरडी, डास कमी, विहिरींना पाणी, आणि पोपटी.

पोपटीवर थोडं जास्त लिहितो. रायगड-पनवेल पट्ट्यातलं हे खाणं आता प्रत्येक फार्महाउसच्या यादीत आलंय आणि बहुतेक ठिकाणी ते बिघडवून वाढतात. भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलाव्यावर वाल होतो, त्याच्या ताज्या शेंगा आणि त्याच शेतात तणासारखा उगवणारा भांबुर्डीचा पाला, हे दोन्ही हवंच. दहा माणसांना चार किलो शेंगा, किलोभर बटाटे, दहा अंडी आणि खाणारे असतील तर आलं-लसूण-हिरवी मिरची लावलेलं दीड किलो चिकन, केळीच्या पानात बांधून. शेंगा न सोलता धुऊन पूर्ण निथळायच्या, मग त्यांना जाडं मीठ आणि दोन-तीन चमचे ओवा चोळायचा. मडक्याच्या तळाशी पाल्याचा चार बोटं जाड थर, मग शेंगा, मध्ये अंडी-बटाटे-चिकन, पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाला घट्ट कोंबायचा. पाणी नाही, तेल नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती आणि वर पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून पेटवायचं. अर्धा ते पाऊण तास. वर पाण्याचे थेंब शिंपडले की चर्रकन उडून गेले म्हणजे झाली.

बिघडते कशी? शेंगा ओल्या राहिल्या तर वाफ जास्त होते आणि आतला गाळ होतो. पाला सैल भरला तर वाफ निसटते, वरच्या थराच्या शेंगा कोरड्या आणि कडू पडतात. जाड ओंडके लावले तर एका बाजूला जाळ, दुसऱ्या बाजूला अंडी कच्ची. बारीक सरपणच हवं. मडकं तडकलेलं असेल तर सगळंच गेलं. आणि मार्चमध्ये भांबुर्डी सुकल्यावर तिच्याऐवजी दुसरा कुठला पाला घालून जे मिळतं ती पोपटी नव्हे, त्या नुसत्या उकडलेल्या शेंगा. तेव्हा बुकिंग करताना पाला भांबुर्डीचाच ना, एवढं विचारावं. मालक गावचा असेल तर त्याला हा प्रश्न ऐकून आनंदच होतो.

स्वतः रांधणार असाल तर दहा माणसांना एका जेवणाला तांदूळ पाऊण ते एक किलो पुरतो. लोक दुप्पट नेतात आणि उरलेला भात कुत्र्यांना घालतात. भाजी, अंडी, दूध गावातच घ्या. ठाण्याहून न्यायचं ते औषध, पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा एक कॅन, मच्छरदाणी किंवा कॉइल, दोन विजेऱ्या आणि कचऱ्यासाठी जाड पिशव्या. कचरा परत आणायचा. आतल्या गावांत घंटागाडी येत नाही. तिथे टाकलेला कचरा एक तर जळतो नाहीतर ओढ्यातून त्याच धरणात जातो ज्याचं पाणी आपण शहरात पितो.

विजेऱ्यांचं कारण सापांचं आहे. नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार हे चारही या भागात आहेत. अंधारात चप्पल घालूनच बाहेर पडावं, बूट झटकून घालावेत, जमिनीवर गादी टाकून झोपू नये. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं अशी लक्षणं दिसली तर ‘रात्रीचं जेवण बाधलं’ म्हणून वेळ घालवू नये. दंश झालेला अवयव हलू देऊ नये, फळीला सैल बांधावा. घट्ट आवळपट्टी, ब्लेडने चिरणं, तोंडाने ओढणं यातलं काही करू नये. १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठावं: शहापूर आणि कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. सापाचा प्रतिविष साठा सरकारी रुग्णालयांत असण्याची शक्यता खासगी दवाखान्यापेक्षा जास्त. साप पकडून न्यायची गरज नाही. रेंज जाते म्हणून नकाशा घरीच उतरवून ठेवावा आणि रुग्णालयापर्यंतचं अंतर मुक्कामाला पोचल्या पोचल्या विचारून घ्यावं.

माथेरानबद्दल दोन शब्द. गाड्यांना बंदी असल्यामुळे हे आपल्या सगळ्यात जवळचं खरोखर शांत गाव ठरायला हवं. शनिवार-रविवारी ते तसं राहत नाही, मंगळवार-बुधवारी राहतं. गाडी दस्तुरीच्या वाहनतळावर लावावी लागते, पुढे पायी, घोडा किंवा अमन लॉज स्थानकाहून छोट्या गाडीची शटल. १९०७ साली सुरू झालेली नेरळची छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते, अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी चालू राहते. सामान चाकांच्या बॅगेत नेऊ नये, लाल मातीत चाकं रुततात. पाठीवरची पिशवी बरी. आणि खिडकीत खाऊ ठेवू नये, माकडं सराईत आहेत.

तिथे पोचल्यावर करायचं काय, असं विचारणारे बरेच असतात. मुक्कामाच्या पहिल्या दुपारी काहीही ठरवू नये. दुसऱ्या दिवशी सहा ते आठ बांधावरून फिरून यावं (बांधावरून, भातातून नाही), दुपारी झोपावं, संध्याकाळी मालकाच्या ओट्यावर बसावं. मुलं पहिला तासभर कुरकुरतात, मग खेकड्याची बिळं शोधायला लागतात.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी ठिकाणांची यादी छापाल तेव्हा फोटो निम्मे करून प्रत्येक नावाशेजारी एवढं छापावं ही विनंती: जवळचं रेल्वे स्थानक आणि तिथून पुढचं वाहन, खोली कधी मिळते, कधी सोडायची, उन्हाळ्यात पाणी कुठलं, शेवटचा रस्ता कच्चा की पक्का, सरकारी रुग्णालय किती किलोमीटर, आणि पावसाळ्यात तिथे मनाई आदेश असतो का. दहा ठिकाणांऐवजी चारच छापली तरी चालतील.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)